उसनी भूक

रेवाच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लव उगवली होती. नवजात बाळाच्या खांद्यावर असते तशी. रंग नसलेली, उजेडाच्या एका ठरावीक कोनातच दिसणारी. हात सरळ असला की काही नाही, जरा तिरपा झाला की चमकायची. तिची आई शर्वरी तासगावच्या एका बेदाणा कारखान्यात तपासनीस होती. बेदाण्यावर साखर फुटू लागली की तिची पहिली पांढरट झाक तिला भिंगाशिवाय कळायची. त्यामुळे ही लवही घरात आधी तिलाच दिसली. आणि दिसल्यावर कितीतरी दिवस ती त्याबद्दल कुणाशी बोलली नाही.

पुढे मिरजेच्या संवेदन केंद्रात डॉक्टर नसीमा तांबोळींनी त्या लवेचा अर्थ सांगितला. "ऊब राखायला चरबी उरली नाही, की शरीर हा उपाय काढतं. फार जुना उपाय आहे, गर्भातला. शरीर स्वतःपुरती शाल विणतं म्हणा."

शर्वरीने मान हलवली आणि स्वेटरची बाही मनगटावर ओढून घेतली. बाहेर मे महिना होता.

रेवा तेव्हा अकरावीत होती. आधी तिने गोड सोडलं, मग तेलकट, मग रात्रीचं जेवण. प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी तिचं कौतुक केलं होतं. शाळेतल्या बाईंनी शिस्तीचं, शेजारच्यांनी बांध्याचं. आजीने मात्र कौतुक केलं नाही, ती नातीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "हाताला हाडं लागतायत गं पोरीची." तोवर रेवाला जिना चढताना थांबावं लागत होतं, केस गळत होते, आणि ताट समोर आलं की तिचे डोळे पाण्याने भरत होते.

"हा हट्ट नाही," तांबोळी म्हणाल्या. "आरशाचं वेडही नाही. आजार आहे, आणि मनाच्या आजारांत जीव घेणाऱ्यांपैकी आहे. बरा होतो. पण त्याला आधी आजार म्हणावं लागतं."

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. पोट रिकामं झालं की जठराच्या भिंतीतून आणि रक्तातल्या संप्रेरकांतून एक निरोप निघतो. त्यातला मोठा भाग मानेतून वर जाणाऱ्या एका लांब मज्जातंतूने मेंदूत पोचतो. त्या निरोपाला 'भूक' हे नाव मेंदू देतो. रेवासारख्यांच्या आजारात निरोप निघतो, पोचतोही. पोचल्यावर त्याचं नाव बदलतं. कुणाला ती धास्ती वाटते, कुणाला जिंकल्याची खूण. दीर्घकाळ असं चाललं की मेंदू तो निरोप उघडून बघायचंच सोडून देतो. औषधं, आहारतज्ज्ञ, समुपदेशन हे सगळं लागतंच. पण ज्याला स्वतःची भूक ऐकूच येत नाही त्याला जेव म्हणणं म्हणजे बहिऱ्याला हाक मारण्यासारखं होतं.

केंद्राने त्यावर जो मार्ग काढला होता त्याचं नाव 'सोबत'. रुग्णाच्या मानेत, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा एक वाचक बसवायचा. तो त्या मज्जातंतूतले निरोप टिपतो आणि दूर असलेल्या दुसऱ्या माणसाकडे पाठवतो. त्याच मज्जातंतूची एक बारीक फांदी कानाच्या वरच्या खळगीत कातडीपर्यंत येते. दुसऱ्या माणसाने, म्हणजे सोबत्याने, तिथे एक ग्राहक अडकवायचा. रुग्णाच्या पोटातला निरोप मग सोबत्याच्या कानातून शिरून त्याच्या मेंदूत उमटतो आणि सोबत्याला भूक लागते. स्वतःची नव्हे, रुग्णाची. त्या ग्राहकाला लांबलचक शास्त्रीय नाव होतं. पण तो कानाच्या वरच्या पाळीला अडकवायचा असल्यामुळे केंद्रातले सगळे त्याला बुगडी म्हणत.

सोबत्याचं काम सांगायला सोपं होतं. भूक आली की रुग्णाला सांगायचं, आणि त्याच्याबरोबर बसून जेवायचं. एकट्याने खाऊन ती विझवायची नाही. मेंदू अनुकरणाने शिकतो. विश्वासाचं माणूस रोज आपल्यासमोर आपल्याच भुकेने जेवताना दिसलं, तर हळूहळू स्वतःच्या निरोपाचं खरं नाव त्याला पुन्हा आठवू लागतं.

बुगडी बसवण्याआधी सोबत्याची स्वतःची भूक टिपून घेत, म्हणजे पुढे आपली कुठली आणि उसनी कुठली यात गल्लत नको. शर्वरी सकाळपासून दुपारपर्यंत तारा लावून बसली. पडद्यावरची रेघ सपाट चालली होती. तंत्रज्ञाने तारा बदलल्या, पुन्हा लावल्या.

"आज उपास वगैरे आहे का, मॅडम?"

"नाही. नेहमीसारखंच," शर्वरी म्हणाली.

तिने खोटं सांगितलं नव्हतं. तो गुरुवार होता. गुरुवार ती लग्नाआधीपासून धरत होती, सोमवार त्याच्याही आधीपासून. चतुर्थी, एकादशी, श्रावण वेगळे. जो वार कायमचाच आहे त्याला ती उपास म्हणून मोजतच नव्हती.

तांबोळींनी रेघ पाहिली, शर्वरीकडे पाहिलं. "सावकाशीने एकदा तुमचंही नीट बघू या."

"रेवाचं होऊ दे," शर्वरी म्हणाली. "मग बघू."

*

पहिल्यांदा ती आली तेव्हा शर्वरी प्रयोगशाळेत बेदाण्याची आर्द्रता मोजत होती.

आधी वाटलं चक्कर येतेय. मग छातीच्या हाडाखाली काहीतरी सावकाश उलगडलं, जसा ओला कपडा पिळताना उलटा फिरावा तसं. तोंडात पाणी सुटलं. समोरच्या तबकातला बेदाण्यांचा वास, जो इतकी वर्षं तिला फक्त माल म्हणून कळत होता, एकदम गोड झाला, आणि तिचा हात आपसूक पुढे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला. आपल्या शरीरात दुसरंच कुणी उभं राहिलंय आणि ते आपल्या डोळ्यांनी खाण्याकडे बघतंय, असं तिला वाटलं. तिला भीती वाटली. इतकी साधी गोष्ट इतकी जोरकस असते हे ती विसरली होती. किंवा तिला वाटलं, रेवाची भूकच अशी असेल.

ती अर्धी रजा टाकून घरी गेली.

"रेवा, तुला भूक लागलीये."

"मला नाही लागलेली." रेवा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"लागलीये गं. माझ्या पोटात आहे ती. उभं राहवत नाहीये मला."

रेवा उठून बसली. आईचा चेहरा तिने बराच वेळ पाहिला, मग तिला हसू आलं. आजारात हसली नव्हती इतकं. "म्हणजे मी परत तुझ्या पोटात गेले की."

त्या दुपारी दोघींनी वरणभात खाल्ला. रेवाचे घास चिमणीएवढे होते आणि प्रत्येक घासाआधी ती थांबत होती. शर्वरीही जेवली. औषध कडू असलं तरी घ्यायचं असतं, तसं. रेवाने घास गिळला की शर्वरीच्या पोटातलं ते पिळणं सैल पडे, रेवाच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी काहीतरी हलून जाई, आणि ते पाहण्यासाठी शर्वरी पुढचा घास घेई.

सोमवार-गुरुवार सुटले, फक्त नवरात्राचे नऊ दिवस तिने सोडले नाहीत. देवाला तिने सांगून टाकलं, हे पोरीसाठी आहे, मला धरू नकोस. सासूबाई विजयाबाई बुगडीकडे बघून म्हणायच्या, "आमच्या वेळी बुगडी मिरवायला असायची बाई. आता भूक ऐकायला." पराग, शर्वरीचा नवरा, वीज उपकेंद्रात पाळ्या करायचा. घरी आला की "जेवलीस?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला जायचा. आता पहिल्यांदाच ते उत्तर खरं असायचं, पण सवयीने तो तेव्हाही थांबायचा नाही.

रेवा सरळ रेषेत बरी झाली नाही. मध्ये दोनदा तिला दाखल करावं लागलं. एकदा तिने ताट ढकललं, ते फरशीवर फुटलं, आणि ती म्हणाली, "काढ ती बुगडी. माझ्या आत बसून राहू नकोस." शर्वरीने काढली नाही. पण वर्ष सरलं तशी हातावरची लव विरळ झाली, मग गेली. बारावीनंतर रेवा भूगर्भशास्त्र शिकायला कोल्हापूरला गेली. वसतिगृहात राहिली. तिथून तिची भूक तारेवाचून येत राहायची आणि फोनच्या पडद्यासमोर दोघी आपापलं ताट घेऊन बसायच्या. मग तेही कमी झालं. रेवा मैत्रिणींबरोबर जेवू लागली. बुगडीतली भूक वेळेवर यायची आणि वेळेवर शमायची.

भूक आता दुसरीकडे शमत होती. शर्वरीला जेवायचं कारण उरलं नाही. श्रावण आला. तिने सोमवार धरला. मग गुरुवार.

"तुमचं बघायचं राहिलंय," तांबोळी प्रत्येक भेटीत म्हणायच्या.

"हो हो. तिची परीक्षा होऊ दे."

*

पितृपंधरवड्याच्या तोंडाशी भूक बदलली.

ती आता चार वाजता यायची, कारखान्यातला चहा फिरून गेल्यावर. आणि पूर्वीसारखी नुसती भूक नसायची. तिला चव असायची. शिळ्या भाकरीचा कुस्करा, त्यावर आंबट ताक, शेंगदाण्याची चटणी, हाताने फोडलेला कांदा. चव इतकी स्पष्ट की शर्वरीला कांद्याने डोळ्यांत पाणी यायचं. तिला नवल वाटायचं, कारण रेवाला ताकाचा वासही सहन होत नसे. वसतिगृहाने काय काय शिकवलं पोरीला, असं तिने स्वतःला समजावलं.

पण भूक शमत नव्हती. चारला आलेली दिवेलागणीपर्यंत राहायची. मग ती सकाळीही येऊ लागली.

"जेवलीस का?" तिने फोन केला.

"आत्ताच. भात, आमटी, दोन पोळ्या."

"खरं सांग."

"आई, खरंच."

"मला कळतंय गं इथे."

मग रेवा म्हणाली, "ताट चाटून पुसून फोटो पाठवू का?"

ती चेष्टा होती, पण तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. शर्वरीने रोज फोन करायला सुरुवात केली, मग दिवसातून दोनदा. रेवाच्या मैत्रिणीलाही केला. रेवाचं बोलणं एकेका शब्दावर आलं.

घरी शर्वरी जिन्यात थबकायची, पोटावर हात दाबून. स्वयंपाकघराच्या दाराशी तिला कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, दोन वेण्या घातलेलं, चौकटीला टेकलेलं. वळून बघावं तर फक्त दाराची सावली. रेवाने वेण्या कधी घातल्या नव्हत्या.

"अंगात आल्यासारखं काय करतेस?" विजयाबाईंनी विचारलं. त्या श्राद्धाच्या वड्यांची डाळ निवडत होत्या.

"रेवा जेवत नाहीये, आई. परत सुरू झालंय. मला सारखी भूक लागतेय तिची."

विजयाबाईंचा हात परातीत थांबला. "पंधरवडा आहे. या दिवसांत उपाशी राहिलेलं माणूस घर शोधत येतं म्हणतात." मग स्वतःच म्हणाल्या, "माझं मेलीचं काहीतरी. तू जाऊन ये की पोरीकडे. डोळ्यांनी बघ."

*

कोल्हापूरच्या बसला चालक नव्हता. रिकाम्या आसनाच्या मागे बसून शर्वरी तासभर आपल्या पोटातल्या रेवाशी बोलत होती. थोडं थांब, आलेच मी.

महाविद्यालयाच्या उपाहारगृहात रेवा खिडकीशी बसली होती. समोर कटवडा, तर्रीत बुडालेला, शेजारी मैत्रीण. रेवा काहीतरी सांगत होती, मध्येच घास घेत होती, तोंडात घास असतानाच हसत होती. शर्वरी दारात उभी राहून बघत राहिली. रेवाने वडा संपवला, पावाच्या शेवटच्या तुकड्याने वाटी पुसली. आणि शर्वरीच्या पोटातली भूक तसूभरही हलली नाही.

ती टेबलापाशी गेली. "हे मला दाखवायला खातेस ना?"

मैत्रीण उठून गेली. रेवाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मला काय माहीत तू येणार आहेस ते?"

"मग ही भूक कुणाची?" शर्वरीचा आवाज चढला नव्हता, ती अगदी हळू बोलत होती. "आत्ता आहे. तू जेवलीस तरी आहे. मला फसवशील, हिला कशी फसवशील?"

रेवाने केस एका बाजूला घेतले आणि मान वळवली. वाचक बसवला होता तिथे आता एक बारीक फिकट व्रण होता, बरा झालेला.

"काढला, आई."

"कधी?"

"नागपंचमीला सुट्टी होती तेव्हा. तांबोळी मॅडमनीच काढला. मी सज्ञान आहे, मी सांगितल्याशिवाय त्या कुणाला सांगू शकत नाहीत." ती पाव खाल्लेली बोटं रुमालाला पुसत राहिली, पुसून झाल्यावरही. "मला बघायचं होतं, माझं मला ऐकू येतंय का ते. येतं. तुला सांगणार होते. पण तुझ्या कानात बुगडी असली की तू... जेवायचीस. मला वाटलं, राहू दे तिला."

शर्वरी बसली. कोपऱ्यातल्या यंत्रातून कुणीतरी चहा घेत होतं, त्याचा फसफस आवाज येत होता.

"नागपंचमीपासून," ती म्हणाली. "मग मी ऐकतेय ती कोण आहे?"

*

तांबोळींनी बुगडी चिमट्यात धरून यंत्राखाली ठेवली. ती निर्जीव होती. श्रावणापासून तिच्यातून काहीही आलेलं नव्हतं.

मग त्यांनी जुनी नोंद पडद्यावर आणली. गुरुवारची, ती सपाट रेघ.

"ही तुमची भूक," त्या म्हणाल्या. "आणि आता हे बघा." शर्वरीला त्यांनी आल्या आल्याच तारा लावल्या होत्या. आजच्या रेघेला चढउतार होते. उंच, वेडेवाकडे, बांध फुटलेल्या पाण्यासारखे. "हीसुद्धा तुमचीच."

शर्वरीने कानाच्या रिकाम्या पाळीला हात लावला.

"रेवाबरोबर तुम्ही वर्षभर वेळेवर जेवलात. तिला बरं करायला जे केलं ते तुमच्याही शरीराने घेतलं. ते जागं झालं. बंद घरात कुणी दिवा लावावा तसं. मग तुम्ही परत दार लावून घेतलंत, पण आतलं माणूस आता झोपायला तयार नाही."

"मला काही झालेलं नाही. मी उपास करते, एवढंच. घराघरांत करतात."

"करतात. मीही रोजे धरते. संध्याकाळी मगरिबच्या अजानेला खजूर तोंडात गेला की काय वाटतं ते मला तुम्हाला सांगताही येणार नाही." त्या थांबल्या. "तुम्हाला काय वाटतं, उपास सोडताना?"

शर्वरीला उत्तर ठाऊक होतं. ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. उपास सोडताना तिला हरल्यासारखं वाटायचं.

"पहिल्या दिवशी तुम्ही 'नेहमीसारखंच' म्हणालात," तांबोळी म्हणाल्या. "आम्ही त्या नेहमीबद्दल विचारायला हवं होतं. सपाट रेघ पाहून आम्ही तारांना दोष दिला. चूक आमची. हा आजार किशोरवयातल्या मुलींनाच होतो असं डॉक्टरही धरून चालतात. चाळिशीतली बाई अंगावर बारा महिने स्वेटर घालून समोर बसते, आणि आम्ही तिच्या मुलीची लव तपासतो."

शर्वरीने बाहीकडे पाहिलं.

"कधीपासून?"

तिला दोन वेण्या आठवल्या. माहेरी, पलूसला, चौदाव्या वर्षी. शाळेतून चार वाजता आलं की भाकरी कुस्करून ताक ओतून घ्यायचं आणि मांडीवर ताटली ठेवून पायरीवर बसायचं. मग कुणाचं तरी केळवण होतं, मोठी पंगत, पुरणपोळ्या. काका वाढत होते. ते मोठ्याने म्हणाले, "शर्वरीला वाढताना पातेलं जवळच ठेवा रे." सगळी पंगत हसली. तीही हसली. पुढच्या सोमवारी तिने पहिला उपास धरला, आणि आजीने तिच्या कपाळावरून बोटं मोडली.

"एका वाक्याने कुणी आजारी पडत नाही," ते ऐकून तांबोळी म्हणाल्या. "काहींच्या मेंदूची ठेवण जन्मतःच तशी असते, ती घराण्यातून येते. वाक्य नुसतं दार दाखवतं. तुमच्या रेवालाही ती ठेवण कुठून तरी मिळालीच असणार. त्यात तुमचा दोष नाही. पण आता एक गोष्ट सांगते, तिने सांगायची परवानगी दिलीये म्हणून." त्यांनी पडदा बंद केला. "घटस्थापनेला घरी यायची तिला धास्ती वाटते. मागच्या नवरात्रात नऊ दिवस तिच्यासमोर तुम्ही वाढत होतात आणि जेवत नव्हतात. तिसऱ्या दिवसापासून तिची भाकरी अर्धी झाली होती. बुगडीवाचून ती तुमचं ऐकते, शर्वरीताई. नेहमी ऐकत आलीय."

"माझ्या हृदयाला वगैरे काही धोका..." शर्वरीने विचारलं.

"तेही बघायचंय. हाडंही. मी घाबरवत नाही, पण उशीर झालाय. उपचाराला नाव घालू?"

शर्वरी उठली. पर्स खांद्याला लावली. "नवरात्र होऊ दे," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. तो इतका जुना आणि इतका मऊ होता.

*

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी विजयाबाईंनी पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरलं, वर घट ठेवला, पहिली माळ बांधली. रेवा आदल्या संध्याकाळी आली होती. आल्यापासून ती आईशी जपून बोलत होती, जशी माणसं दवाखान्यात बोलतात.

शर्वरीने सकाळपासून स्वयंपाक केला. वरण, भात, भोपळ्याची भाजी, दुपारच्या नैवेद्याची पोळी. पोटात ते दोन वेण्यांचं माणूस होतं. आता ती त्याला भीत नव्हती, पण त्याच्याकडे बघतही नव्हती. वाफेच्या प्रत्येक लोटाबरोबर ते तिच्या आत उठून उभं राहायचं आणि ती झाकण ठेवायची.

दुपारी रेवाने पानं घेतली. बाबांचं, स्वतःचं. मग तिसरं ताट हातात घेऊन ती घुटमळली.

"आजी, तुझा उपास ना?"

"हो गं. उठता आणि बसता, दोनच करते आता. मला कुठले नऊ झेपायला." विजयाबाई पाटावर टेकल्या. "तुझ्या आईचं बघ. एवढ्या वर्षांत कधी मोडला नाही. सकाळपासून चुलीपुढे आहे, पण तोंडावर काही दिसतंय का?"

"तुला दिसतं?" रेवाने विचारलं.

"माझ्या तर पोटात कावळे ओरडतायत." त्या हसल्या. "ओरडणारच की. तेच तर देवीला द्यायचं असतं. भूक लागते म्हणून तिच्या नावाने थोडं थांबायचं. आणि संध्याकाळी काय लागते माहितीये भगर! भूकच नसेल तर द्यायचं काय तिला?"

परागने हात धुतले, पानावर बसला आणि सवयीने विचारलं, "तू जेवलीस?"

रेवाने तिसरं ताट परत फळीवर ठेवलं. स्वतःच्या पानाशी जाऊन बसली. शर्वरीने तिला वाढलं: भात, त्यावर वरण, तुपाची धार. रेवाने भाताला हात लावला. बोटं तिथेच राहिली. तिने आईकडे पाहिलं नाही. भाताच्या मुदीकडे बघत तिने एक शीत वेगळं केलं, मग दुसरं. शर्वरीला ती बोटं माहीत होती. ताट फुटलं त्या दिवशीची होती ती.

वरणाची वाफ शर्वरीच्या तोंडावर आली. दाराच्या चौकटीशी कुणीतरी टेकून उभं होतं. या वेळी तिने वळून पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग ती फळीपाशी गेली, ताट खाली काढलं, रेवाच्या शेजारी मांडलं आणि स्वेटर काढून बाजूला ठेवला. दुपारच्या उन्हात तिच्या हातावरची लव सगळ्यांना दिसली.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "मी या वर्षी नवरात्र धरत नाही. रेवाला झालं होतं ते मलाही आहे, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. उद्या मिरजेला जाऊन मी माझं नाव घालणार आहे." मग ती बसली, आणि रेवाकडे वळली. "आत्ता मला भूक लागलीये. माझी. वाढ मला, आणि पातेलं जवळच ठेव."